द्राक्षमळ्यांच्या स्वामिनी

फ्रान्सच्या ईशान्य भागात, पॅरिसपासून सुमारे दीडशे किलोमीटरांवर, रँस नावाचे एक प्राचीन शहर आहे. फ्रान्सच्या राजांचा राज्याभिषेक ज्या भव्य कॅथीड्रलमध्ये होत असे, ते याच शहरात आहे. परंतु या शहराचे दुसरे वैभव जमिनीवर दिसत नाही. ते जमिनीखाली आहे. रँसच्या पोटात खडूचा मऊ, पांढरा खडक पसरलेला असून त्यात कोरलेल्या लांबच लांब भुयारांतून, थंड अंधारात, लक्षावधी बाटल्या वर्षानुवर्षे आडव्या पडून असतात. या बाटल्यांतील फसफसणाऱ्या द्राक्षमद्याला या प्रांताच्याच नावावरून ‘शँपेन’ म्हणतात. २०१५ साली युनेस्कोने या प्रांताच्या टेकड्या, मद्याच्या पेढ्या आणि तळघरे यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

या बाटल्यांवरील चिठ्ठ्या वाचीत गेले, की एक फ्रेंच शब्द लक्ष वेधून घेतो. त्याचा उच्चार ‘व्हव’ असा काहीसा होतो आणि त्याचा अर्थ ‘विधवा’ असा आहे. विवाह, विजय, नव्या जहाजाचे जलावतरण अशा मंगल प्रसंगी जी बाटली उघडावयाची, तिच्यावर विधवा हा शब्द ठळक अक्षरांत छापलेला! ज्या समाजात एके काळी विधवेला मंगलकार्यात पुढे येण्याची मुभा नव्हती, त्या समाजातील माणसाला हे पाहून नवल वाटल्यावाचून राहणार नाही. मद्यपानाविषयी आपल्या समाजाची धारणा निराळी आहे, आणि मादक पेयांच्या सेवनाला आळा घालण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे आपल्या संविधानाचा ४७ वा अनुच्छेद सांगतो. परंतु येथे विचार करावयाचा आहे तो पेयाच्या गुणदोषांचा नव्हे, तर त्या शब्दाचा. बाटलीवर पत्नीचे नाव नाही, कन्येचे नाव नाही; विधवेचे मात्र आहे, हे का? या प्रश्नाच्या उत्तरात एका धंद्याचा इतिहास आहे, आणि त्याहून अधिक म्हणजे कौटुंबिक धंद्यातील स्त्रीच्या स्थानाचा इतिहास आहे.

उत्तराचा पहिला भाग कायद्यात सापडतो. १८०४ साली नेपोलियनच्या राजवटीत फ्रान्सची दिवाणी संहिता जारी झाली. तिच्या २१३ व्या कलमात पतीने पत्नीचे रक्षण करावे आणि पत्नीने पतीच्या आज्ञेत राहावे, असे स्पष्ट शब्दांत सांगितले होते. विवाहित स्त्रीला पतीच्या संमतीवाचून मालमत्ता घेता येत नसे, विकता येत नसे, गहाण ठेवता येत नसे. १८०७ च्या व्यापारसंहितेने या बंधनात भर घातली: पतीच्या अनुमतीवाचून पत्नीला स्वतःच्या नावाने व्यापार करता येणार नाही. दिवाणी संहितेने वडिलांच्या मालमत्तेत मुलगा व मुलगी यांना समान वाटा दिला होता, ही गोष्ट खरी. पण विवाह होताच त्या वाट्याचा कारभार बहुधा पतीच्या हाती जाई. अविवाहित सज्ञान स्त्रीला कायद्याने व्यवहार करण्याची मोकळीक होती. परंतु धंदा वडिलांच्या आणि भावांच्या ताब्यात असल्यावर त्या मोकळिकीचा उपयोग तो कितीसा? पती निधन पावला, की चित्र पालटे. सामान्यतः संसारातील समाईक मालमत्तेचा अर्धा भाग विधवेकडे येई, करार तिच्या सहीने होत, आणि आज्ञा मागण्यासाठी तिच्यावर कोणी उरत नसे. म्हणजे, कायद्याच्या दृष्टीने विवाहित स्त्री पूर्ण व्यक्ती ठरे ती पतीच्या मृत्यूनंतर.

विधवेने पतीचा धंदा चालविणे ही कल्पना संहितेच्याही आधीची होती. जुन्या फ्रान्समध्ये कारागिरांच्या श्रेणी असत आणि उस्ताद वारल्यावर त्याची विधवा पुष्कळदा कारखाना पुढे चालवी. बाटलीवरील ‘विधवा’ या शब्दात त्यामुळे शोकाची छटा फारशी नव्हती. पेढीचा कारभार करणारी व्यक्ती कोण आणि सही कोणाची, याची ती व्यापारी घोषणा होती.

उत्तराचा दुसरा भाग या धंद्याच्या स्वरूपात आहे. शँपेन तयार करणे हे एका हंगामाचे काम नव्हे. शरद ऋतूच्या आरंभी द्राक्षे खुडून त्यांचा रस काढतात आणि तो आंबवून साधे मद्य करतात. निरनिराळ्या गावांच्या आणि कधी निरनिराळ्या वर्षांच्या मद्यांचे मिश्रण करून ते बाटल्यांत भरतात. भरताना त्यात थोडी साखर आणि किण्व घालतात. बंद बाटलीत ते पुन्हा आंबते. निर्माण होणारा वायू बाहेर पडू शकत नाही, म्हणून तो मद्यातच विरघळून राहतो. बाटलीतील दाब वातावरणाच्या दाबाच्या पाच ते सहा पट होतो. एकोणिसाव्या शतकात काच पुरेशी मजबूत नसल्याने तळघरातील बाटल्या धडाधड फुटत. म्हणून तेथील कामगार तोंडावर तारेचे मुखवटे चढवून वावरत. पुढे कित्येक महिने, कधी कित्येक वर्षे, बाटल्या तशाच ठेवाव्या लागतात. अशा धंद्यात भांडवल दीर्घकाळ अडकून पडते, उधारीची वसुली परदेशातून करावी लागते, आणि एक वर्ष हातातून गेले तर त्याचा फटका पुढे अनेक वर्षे बसतो. कारभाऱ्याच्या मृत्यूनंतर अशी पेढी सहा महिने बंद ठेवणे म्हणजे ती बुडविणेच. कोणीतरी तत्काळ किल्ल्या हाती घ्याव्या लागत. आणि हिशेबाच्या वह्या, देणेकरी, कामगार व ग्राहक यांची माहिती असलेली व्यक्ती पुष्कळदा घरातच असे.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे बार्ब-निकोल पोंसार्दँ. त्यांचा जन्म १७७७ साली रँस येथे झाला. वडील कापडाच्या धंद्यातील मोठे आसामी होते आणि पुढे ते रँसचे नगराध्यक्ष झाले. १७९८ साली, राज्यक्रांतीच्या धामधुमीत, त्यांचा विवाह फ्रांस्वा क्लिको यांच्याशी झाला. सासरे फिलिप क्लिको यांनी १७७२ मध्ये मद्याचा व्यापार सुरू केला होता. पण घराण्याचे मुख्य लक्ष कापडावर होते. मद्याचा धंदा वाढवावा ही हौस तरुण फ्रांस्वाची. १८०५ च्या ऑक्टोबरात अल्पशा ज्वराने त्यांचा अंत झाला. बार्ब-निकोल त्या वेळी सत्तावीस वर्षांच्या होत्या आणि पदरी सहा वर्षांची एकच मुलगी होती.

पुत्रशोकाने खचलेल्या सासऱ्यांनी मद्याचा धंदा मोडण्याचे ठरविले. सुनेने तो आपल्या हाती द्यावा अशी मागणी केली. सासऱ्यांनी ती मान्य केली, पण अनुभवी मद्य-व्यापारी अलेक्झांद्र फूर्नो यांच्याबरोबर भागीदारीत तिने काम शिकावे, अशी तजवीज केली. ही भागीदारी चार वर्षे चालली. तो नेपोलियनच्या युद्धांचा काळ होता. बंदरांची नाकेबंदी झालेली, रस्ते असुरक्षित, आणि परदेशी ग्राहक दुरावलेले. भागीदारीची मुदत संपली तेव्हा फूर्नो वेगळे झाले. १८१० मध्ये बार्ब-निकोल यांनी स्वतःच्या जबाबदारीवर पेढी उभी केली आणि तिला नाव दिले ‘विधवा क्लिको-पोंसार्दँ’. त्या नावात सासर होते, माहेर होते, आणि कायदेशीर स्थितीही होती.

१८११ साली आकाशात एक मोठा धूमकेतू दिसला आणि त्या वर्षी द्राक्षांचे पीक असामान्य आले. परंतु माल उत्तम असून उपयोग काय, रशियाची बाजारपेठ बंद होती. १८१४ साली नेपोलियनचा पाडाव झाला. तह होऊन व्यापार अधिकृतपणे खुला होईपर्यंत थांबावे, असा विचार इतर व्यापारी करीत असताना बार्ब-निकोल यांनी आपले विश्वासू विक्रेते लुई बोन यांच्याशी पत्रव्यवहार करून गुपचूप एक डच जहाज ठरविले आणि १०,५५० बाटल्या बाल्टिक समुद्राच्या वाटेने कोनिग्सबर्गकडे रवाना केल्या. जहाज पकडले गेले असते किंवा उन्हाच्या तापाने बाटल्या फुटल्या असत्या, तर पेढी उभी राहिली नसती. माल सुखरूप पोहोचला, हातोहात खपला, आणि प्रतिस्पर्ध्यांची जहाजे निघण्यापूर्वी दुसरी खेप मार्गस्थ झाली. रशियात ‘क्लिको’ हे नाव शँपेनचा पर्यायच होऊन बसले.

त्यांची दुसरी कामगिरी तळघरातील आहे. बाटलीत दुसऱ्यांदा आंबल्यावर किण्वाचा साका तळाशी बसतो आणि त्यामुळे मद्य गढूळ होते. तो काढण्यासाठी मद्य एका बाटलीतून दुसरीत ओतावे, तर वायू निघून जाई. न ओतावे, तर ग्राहक नाके मुरडी. १८१६ च्या सुमारास बार्ब-निकोल यांच्या तळघरात, त्यांचे तळघरप्रमुख म्युलर यांच्या साहाय्याने, एक साधी युक्ती सिद्ध झाली. लाकडी फळीला भोके पाडून त्यांत बाटल्यांची माने अडकवावयाची, बाटली दररोज थोडी फिरवावयाची आणि हळूहळू उलटी करीत न्यावयाची. काही आठवड्यांत सगळा साका बुचापाशी येऊन बसे. बूच क्षणभर काढले, की तेवढाच साका दाबाने बाहेर पडे आणि मद्य नितळ राही. पहिली भोके घरातल्या स्वयंपाकघराच्या मेजाला पाडली गेली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, युक्ती खरी आहे. पुढे सर्व पेढ्यांनी तीच उचलली. आज बाटल्या फिरविण्याचे काम बहुतेक ठिकाणी यंत्रे करतात. तत्त्व मात्र तेच आहे. १८१८ साली तांबडे व पांढरे मद्य मिसळून गुलाबी शँपेन करण्याची रीतही याच पेढीने घातली.

बार्ब-निकोल यांनी पुनर्विवाह केला नाही. तो त्यांच्या खासगी निर्णयाचा विषय होता. पण त्याचा कायदेशीर अर्थ ध्यानात घेण्याजोगा आहे. पुनर्विवाहाच्या दिवशी त्यांची सही पुन्हा दुसऱ्याच्या अनुमतीची मिंधी झाली असती.

मात्र या कथेला दुसरी बाजू आहे. पेढीचा वारसा त्यांनी कन्येला दिला नाही. क्लेमांतीन यांचा विवाह १८१७ मध्ये एका काउंटशी झाला आणि त्या उमरावांच्या जगात गेल्या. धंदा गेला तो एदुआर वेर्ले या कर्तबगार सहकाऱ्याकडे. १८२० च्या दशकात पेढीने आरंभलेला सावकारी पेढीचा उद्योग संकटात सापडला, तेव्हा वेर्ले यांच्या तडफेमुळे इभ्रत वाचली होती. १८३१ मध्ये ते भागीदार झाले आणि १८४१ नंतर मुख्य कारभार त्यांच्याकडे आला. १८६६ साली, वयाच्या ८८ व्या वर्षी, बार्ब-निकोल यांनी बुर्सो येथील प्रासादात देह ठेवला. जिने स्वतः धंदा मागून घेतला, तिने मुलीला धंदा शिकविला नाही, असे म्हणून तिला दोष देणे सोपे आहे. परंतु विवाहित मुलीला पेढी देणे म्हणजे वस्तुतः जावयाला देणे, ही गोष्ट तो कायदा जाणणाऱ्या व्यापारी स्त्रीच्या लक्षात आली नसेल, असे समजणे कठीण आहे.

हा धागा पुढे एका अनपेक्षित ठिकाणी पुन्हा हाती लागतो. बार्ब-निकोल यांची पणती आन, म्हणजे युझेसच्या डचेस (१८४७–१९३३), यांच्याकडे बुर्सोचा प्रासाद वारशाने आला. तरुण वयात त्यांनाही वैधव्य आले. १८९३ साली पॅरिसमध्ये जान श्माल या स्त्रीने एक संस्था काढली. तिच्या मागण्या दोनच होत्या: दस्तऐवजांवर साक्षीदार म्हणून स्त्रीची सही ग्राह्य धरावी, आणि विवाहित स्त्रीच्या मजुरीवर तिचा स्वतःचा ताबा असावा. राजसत्तावादी घराण्यातील या डचेसबाईंनी त्या संस्थेला आपले नाव व पाठबळ दिले. पहिली मागणी १८९७ मध्ये, तर दुसरी १९०७ मध्ये कायद्यात उतरली. पणजीने वैधव्यामुळे जे मिळविले, ते पतीच्या हयातीत मजूर स्त्रीलाही मिळावे, या कामी पणतीने हातभार लावला.

क्लिको यांच्या निधनापूर्वीच रँसमध्ये दुसरी एक विधवा पुढे आली होती. लुईझ पोमेरी यांचा जन्म १८१९ चा. पतीने १८५६ मध्ये ग्रेनो नावाच्या व्यापाऱ्याशी भागीदारी केली आणि अवघ्या दोन वर्षांत, १८५८ मध्ये, ते वारले. थोरला मुलगा वाढत्या वयाचा होता आणि धाकटी कन्या कडेवर होती. लुईझबाईंनी कारभार हाती घेतला. भागीदार ग्रेनो लवकरच निवृत्त झाले. पेढीचा भर साध्या तांबड्या मद्यावर होता, तो त्यांनी शँपेनकडे वळविला.

१८६८ पासून त्यांनी रँसच्या सीमेवरील जुन्या खडूच्या खाणी विकत घेतल्या. रोमन काळापासून दगड काढून काढून पोकळ झालेल्या अशा सुमारे १२० खाणी, जमिनीखाली तीस मीटर खोलवर, सुमारे अठरा किलोमीटर लांबीच्या बोगद्यांनी एकमेकींना जोडण्यात आल्या. आत बारा महिने दहा अंशांच्या आसपास तापमान राहते. शँपेनला तेच मानवते. लोकांना जो पडीक खड्डा वाटला, ते पेढीचे कोठार झाले.

त्या काळची शँपेन फार गोड असे. साका काढल्यावर बाटलीत साखरेचा पाक भरपूर घालीत. इंग्रज ग्राहकाला जेवणाबरोबर घेता येईल असे कमी गोडीचे पेय हवे आहे, हे पोमेरीबाईंनी ओळखले. साखर कमी करावयाची, तर मद्यातील उणिवा झाकता येत नाहीत. द्राक्षे अधिक पिकू द्यावी लागतात आणि माल अधिक काळ ठेवावा लागतो. तळघरातील जाणत्यांना हा खटाटोप अनाठायी वाटला. १८७४ च्या पिकापासून केलेली त्यांची ‘ब्रूत’, म्हणजे जवळजवळ अगोड, शँपेन बाजारात आली आणि इंग्लंडात मान्य झाली. आज जगात विकल्या जाणाऱ्या शँपेनचा फार मोठा भाग याच धाटणीचा आहे.

कामगारांसाठी आजारपणाचा व निवृत्तीचा निधी उभारणाऱ्या त्या प्रांतातील आरंभीच्या मालकांत त्यांची गणना होते. १८८९ साली त्यांनी तीन लाख फ्रँक देऊन मिये या चित्रकाराचे एक चित्र विकत घेतले आणि ते राष्ट्राला मिळावे अशी व्यवस्था केली. १८९० मध्ये त्यांच्या निधनानंतर ते लूव्र संग्रहालयात गेले. कापणी झालेल्या शेतात वाकून उरलेसुरले सरवा वेचणाऱ्या तीन गरीब स्त्रिया, असा त्या चित्राचा विषय आहे. धनाढ्य पेढीच्या मालकिणीने हेच चित्र देशाबाहेर जाऊ देऊ नये, ही गोष्ट बोलकी आहे. कारण ज्यांच्या श्रमावर पेढी उभी होती, त्या स्त्रिया दिसायला फारशा वेगळ्या नव्हत्या.

त्यांचा विचार केल्यावाचून हे वर्णन पुरे होणार नाही. बाटलीवर एका विधवेचे नाव येते. मळ्यातील शेकडो स्त्रियांचे येत नाही. शँपेनच्या मळ्यांत छाटणी हे बहुधा पुरुषांचे काम समजले जाई; छाटलेल्या वेली तारांना बांधणे हे स्त्रियांचे. कडाक्याच्या थंडीत उघड्या बोटांनी ते करावे लागे. द्राक्षे खुडणे, किडके मणी निवडून काढणे, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकविणे, मान मढविणे ही कामेही त्यांचीच. १९१४ साली महायुद्ध पेटले आणि पुरुष आघाडीवर गेले. रँसवर तोफांचा मारा होत असताना त्या शरदातील पीक वृद्ध, मुले आणि स्त्रिया यांनी उतरविले. शहरातील हजारो माणसे याच तळघरांत आसऱ्याला राहिली. तेथे शाळा भरल्या, प्रार्थना झाल्या. रँसच्या इतिहासात तळघराला घराचा अर्थ आला तो असा.

एकाच पेढीत स्त्रियांच्या पिढ्या कशा आल्या हे पाहावयाचे, तर लोराँ-पेरिये या पेढीकडे वळावे लागते. १८८७ मध्ये पती वारल्यावर माथिल्द एमिली पेरिये यांनी पतीचे आणि माहेरचे आडनाव जोडून पेढीला ‘विधवा लोराँ-पेरिये’ असे नाव दिले आणि १९२५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चार दशके, ती चालविली. त्यानंतर पेढी कन्येकडे, यूजेनी-ऑर्तान्स यांच्याकडे, आली. म्हणजे येथे आईनंतर लेक आली. पण युद्धाने खिळखिळा झालेला, मंदीत सापडलेला धंदा सावरणे त्यांना शक्य झाले नाही आणि दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर पेढी विकावी लागली. विकत घेणारीही एक विधवाच होती. मारी-लुईझ द नोनांकूर यांचे माहेर लाँसाँ या शँपेनच्याच घराण्यातील. पण माहेरच्या पेढीची सूत्रे भावांकडे होती. म्हणून मुलांसाठी त्यांनी ही बुडती पेढी घेतली. जर्मन सैन्य येताच बाटल्यांचा साठा त्यांनी भिंत बांधून दडविला. दोन्ही मुलगे प्रतिकाराच्या लढ्यात उतरले. थोरला मोरीस जर्मनांच्या छळछावणीत मरण पावला. धाकटा बर्नार परत आला. आईने त्याला लगेच गादीवर न बसविता मळा, तळघर, विक्री असे एकेक काम करावयास लावले आणि मग कारभार सोपविला. २०१० मध्ये बर्नार यांचे निधन झाले. पेढीची धुरा त्यांच्या दोन कन्यांकडे आली. या कन्या पतीच्या मृत्यूमुळे नव्हे, तर वडिलांच्या वारसदार म्हणून आल्या. कालमानाचा फरक एवढ्यात स्पष्ट होतो.

मार्न नदीकाठी एक गाव आहे; त्याच्या नावाचा उच्चार मराठी कानाला चक्क ‘आई’ असा ऐकू येतो. तेथील बोलँझे पेढीची सूत्रे १९४१ साली एलिझाबेथ ऊर्फ लिली बोलँझे यांच्याकडे आली. त्यांच्या माहेरच्या लॉ द लॉरिस्टन या घराण्याचे नाव भारताच्या इतिहासालाही परिचित आहे. त्याच घराण्यातील जाँ लॉ हे अठराव्या शतकात पाँडिचेरीचे फ्रेंच गव्हर्नर होते. पती वारले तेव्हा देश जर्मनांच्या ताब्यात होता, माणसे कमी होती आणि पेट्रोल मिळत नव्हते. लिलीबाई सायकलवर बसून मळ्यामळ्यांतून पाहणी करीत फिरत. त्यांनी पेढी १९७१ पर्यंत, तीस वर्षे, चालविली. साका लवकर काढून टाकण्याऐवजी मद्य अनेक वर्षे त्याच्यावरच मुरू द्यावे आणि विक्रीच्या जरा आधी तो काढावा, अशी योजना करून १९५२ सालच्या पिकाची खास शँपेन त्यांनी १९६० च्या दशकात बाजारात आणली. ज्या साक्याशी क्लिकोबाईंनी झुंज घेतली, त्याचाच गुण लिलीबाईंनी ओळखून घेतला. त्यांना मूलबाळ नव्हते; पेढी आप्तांकडे गेली.

या स्त्रियांचे चरित्र गौरवाने सांगताना एक भूल होण्याचा संभव असतो. आपत्तीने त्यांना कर्तबगार केले, वैधव्य आले म्हणून सुप्त गुण जागे झाले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण सत्तावीस वर्षांच्या स्त्रीला पतीच्या मृत्यूनंतर काही महिन्यांत मद्याची पारख, हिशेब आणि बाजाराची नाडी एकाएकी समजत नाही. ते ज्ञान आधीच्या संसारात साठलेले होते. त्याला सही नव्हती एवढेच. विधवेच्या नावाने प्रकट झालेले कर्तृत्व पत्नीने कमावलेले होते. ज्यांचे पती दीर्घायुषी झाले, अशा किती स्त्रियांचे असेच ज्ञान पतीच्या नावावर जमा झाले असेल, याची नोंद कोणत्याही खतावणीत नाही.

फ्रान्समध्ये ही स्थिती पालटण्यास दीडशे वर्षे लागली. स्त्रियांना मताधिकार १९४४ मध्ये मिळाला. विवाहित स्त्रीची कायदेशीर असमर्थता १९३८ च्या कायद्याने मोडली असली, तरी पतीच्या संमतीवाचून व्यवसाय करण्याचा आणि बँकेत खाते उघडण्याचा निर्बाध अधिकार तिला १९६५ मध्ये मिळाला. त्यानंतरच्या पिढीत कन्या धंद्यात उघडपणे येऊ लागल्या. २०२० साली रँसच्या तेतँझे पेढीचे अध्यक्षपद व्हिताली तेतँझे यांनी वडिलांकडून स्वीकारले, तेव्हा वडील हयात होते. एकोणिसाव्या शतकातील एखाद्या रँसवासीयाला ही गोष्ट धूमकेतूपेक्षाही विलक्षण वाटली असती.

आपल्या देशात हाच प्रश्न उलट्या क्रमाने सोडवावा लागला. फ्रान्समध्ये विधवा मोकळी आणि पत्नी बांधलेली. आपल्याकडे हिंदू विधवाच सर्वांत अधिक बांधलेली होती. डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नाने १९३७ साली झालेल्या कायद्याने तिला पतीच्या मालमत्तेत वाटा मिळाला, पण तो हयातीपुरता मर्यादित होता. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने ती मर्यादा काढून तिला पूर्ण मालकी दिली, आणि २००५ च्या दुरुस्तीने कन्येला जन्मतःच सहदायादाचा हक्क दिला. १९८० च्या दशकात नारायणगाव येथे शँपेनच्या पद्धतीने मद्य तयार होऊ लागले आणि नाशिक जिल्हा पुढे या धंद्याचे केंद्र झाला. तेथील मळ्यांतही घडांची विरळणी आणि खुडणी बहुतांशी स्त्रियांच्याच हातांनी होते. याच जिल्ह्यात चांदवड येथे १९८६ साली शेतकरी स्त्रियांचे मोठे अधिवेशन भरले होते. त्यानंतरच्या काळात शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम हाती घेतला. शेतकऱ्याने आपल्या हयातीत, आपल्या हाताने, जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करावा, असा तो कार्यक्रम होता. रँसच्या विधवांच्या इतिहासातील उणीव नेमकी येथेच भरून निघते. हक्क मिळण्यासाठी कोणी मरावे लागू नये, हा त्याचा अर्थ.

कौटुंबिक धंदा हा शब्द मोठ्या अभिमानाने उच्चारला जातो. त्या शब्दातील कुटुंब खरे किती, हे पाहण्याची कसोटी अवघड नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी वेली बांधल्या, वह्या लिहिल्या, माल पारखला, त्यांपैकी कितीजणींची नावे भागीदारीच्या करारात आणि सातबाराच्या उताऱ्यावर आहेत, आणि ती केव्हा चढली, एवढेच पाहावे. रँसच्या तळघरातील बाटल्यांवर ‘विधवा’ हा शब्द आजही सन्मानाने मिरवतो, आणि तो योग्यच आहे. पण त्या सन्मानाची खरी पूर्तता ज्या दिवशी ‘पत्नी’ आणि ‘कन्या’ या शब्दांनाही तितकेच वजन येईल, त्या दिवशी झाली असे म्हणता येईल.